शुद्धिपत्र

बामणोदहून पोस्टकार्ड आलं:
"कोळशावर नव्हे, बाई. काट्यांवर. कपाशीच्या.
कोळशावर वांगं नुसतं शिजतं.
— द्वारकाबाई फिरके."

ओळ माझीच होती, दोन वर्षांपूर्वी छापलेली.
संपादक म्हणाले, जाऊ द्या हो, वांग्याला कोण विचारतं.
मार्गशीर्ष लागला होता. बॅग भरली.

सरळ मात्र गेले नाही.
चूक कबूल करायला निघालेलं माणूस
वाटेतल्या प्रत्येक गावात जेवतं.

भुसावळला हमीद पिंजारींच्या भट्टीवर
रांगेत बसले, मांडीवर मैदा, तूप, पिठीसाखर.
पुढे रेल्वे क्वार्टरमधल्या बाया, त्यांचे डबे,
डब्यांवर खडूनं आडनावं.
माझा पत्रा शेवटचा. नानकटाई घेऊन लॉजवर आले,
उघडते तर खारी, ओवा घातलेली.
कुणाचा तरी डबा माझ्याकडे आला होता.
दहा दिवस पुरवून खाल्ली.
तिकडे कुणीतरी माझी जास्त गोड झालेली
पाहुण्यांपुढे ठेवली असेल,
आणि काही बोललं नसेल.

सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजारात
शेवभाजी. तर्रीनं कानशिलं तापली.
शेजारचा व्यापारी आधी घोडीला गूळ भरवत होता,
मग तोच हात पुसून स्वतः जेवला.
मी वहीत लिहिलं: क्रम.
पुढे काय लिहायचं होतं, आठवत नाही.

नंदुरबारबाहेर मिरच्यांच्या पथारी,
जमीन दिसेना इतक्या.
शिंकत शिंकत एकीला विचारलं, घरी भाजी केवढी तिखट करता?
ती देठ खुडत राहिली.
"घर फिक्कं करतस. दिनभर नाकथीन खातसच ना."
हे वाक्य मी कुठल्याच लेखात घातलं नाही.
घातलं असतं तर त्याची चटणी झाली असती.

शिरपूरच्या खोलीत दिवा वरचेवर जायचा.
अमळनेरच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक,
केळीच्या रोगांवरचं, पाठीमागचं पान गळालेलं.
मला दुसरं काही मिळालं नव्हतं.
चाळिसाव्या पानावर पेन्सिलीची रेघ:
"मुख्य खोड गेले तरी बुडाशी मुनवे धरतात."
बाजूला समासात, बारीक अक्षरात:
सुमनला सांगणे.
त्या रात्री मी पुढे वाचलंच नाही.
सांगितलं असेल का?

बामणोदला पोचले तेव्हा महिन्याचे दोन दिवस उरले होते.
द्वारकाबाईंनी मला नखशिखांत पाहिलं.
"एवढ्यासाठी आली? कार्डाचं उत्तर कार्डानं द्यायचं."
पण बस म्हणाल्या.
वांगी आणली, हिरवी, पांढऱ्या रेघांची,
तळहातावर तोलली, बोटानं टिचकी मारली,
दोन बाजूला टाकली. का, ते सांगितलं नाही.
मग आत गेल्या
आणि गॅस पेटवला.

मी बघत राहिले.
"काट्या कुठी आता? पोरानं रोटाव्हेटर फिरवला,
साऱ्या मातीत."
निळ्या जाळावर वांग्याची साल तडकली.
मग तुम्ही कार्ड का टाकलं?

त्यांनी बडगीत हिरव्या मिरच्या टाकल्या, लसूण,
मुसळ उचललं.
"आमचं जाऊ दे. छापलेलं तरी बरोबर पाहिजे."

भरीत, कळण्याची पुरी, वरून कांद्याची पात.
मी तीनदा वाढून घेतलं.
चांगलं होतं. काट्यांवरचं कसं असतं
ते मला अजूनही माहीत नाही.

परत येऊन संपादकांना एकच ओळ दिली:
"'कोळशावर' ऐवजी 'कपाशीच्या काट्यांवर' असे वाचावे."
त्यांनी ती कोपऱ्यात, बारीक टायपात लावली.

आठव्या दिवशी कार्ड:
"वाचलं. बरोबर आहे.
बडगीबद्दल काही लिहिलं नाही तुम्ही."