तिसरा रकाना

शांतवननं पिवळ्या कागदावर तक्ता छापून आणला.
वर उमेदवारांची नावं, डावीकडे आठ प्रश्न,
मधे रिकामे चौकोन.
"वचनाला धरून कोण उभं आहे
ते एका नजरेत दिसलं पाहिजे, मावशी."
तेवीस वर्षांचं पोर, कडक इस्त्रीचा सदरा.
त्याच्या जन्माच्या रात्री ड्युटी माझीच होती,
पायाळू होता, रडायलाही वेळ लावला.
आता सगळ्याचीच घाई.

पहिला प्रश्न दारूबंदी. दुसरा धर्मांतराचा कायदा.
तिसरा गर्भपात: हो की नाही.
चौथा, लग्न म्हणजे काय, एका ओळीत.
मग जुगार, मग शाळेचं अनुदान.
सातवा मी हट्टानं घालायला लावला:
दफनभूमीची पडकी भिंत, जिथून डुकरं आत येतात.
"हा काही नैतिक प्रश्न नाही, मावशी."
म्हटलं, तुझी आजी तिथं निजली आहे, बाबा.
आठवा आता आठवत नाही.

"आधी तुम्ही भरून पाहा, म्हणजे चूक कळेल."
सात घरं भरली. तिसऱ्यापाशी म्हणाले,
पेन वाळला.
त्यानं दुसरा पेन दिला.
मी चहा ठेवायला उठले.

झावळ्यांच्या रविवारी तिघं आले,
सदरच्या देवळात, भक्ती सुटता सुटता.
बाहेर बेचाळीस, आत कूलरची घरघर.
पितरभाऊनं रीतीप्रमाणं
प्रत्येकाच्या हाती एक एक झावळी दिली.
ती कशी धरायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिले भाऊ मिशनच्याच शाळेत शिकलेले.
प्रभूची प्रार्थना सुरू केली डोळे मिटून,
भाकरीपर्यंत पोचायच्या आतच टाळ्या झाल्या.
त्यांना आठही प्रश्न मान्य.
गर्भपात मान्य, त्याला विरोधही मान्य.

दुसऱ्यांनी दारूबंदीला "तत्त्वतः" पाठिंबा दिला.
मंगळवारीतला त्यांच्या मेव्हण्याचा बार
सगळ्या मागच्या बाकांना ठाऊक,
एकदम कितीतरी जणांना खोकला आला.

तिसरी रंजिता डोंगरवार. अपक्ष. निशाणी शिट्टी.
अंगणवाडीत सतरा वर्षं, पायात साधी चप्पल,
सोबत कुणी नाही, तिचीच एक भाची.
भिंतीचं म्हणाली, "पाहून आली जी मी. बारा फूट पडली हाय."
तिसऱ्या प्रश्नावर थांबली.
पदरानं मान पुसली.
"हे मले असं कागदावर नाही सांगता येत, भाऊ.
कोणाची पोरगी हाय, काहून आली, कोण आणली,
ते पाह्यल्याबिगर मी कशी बोलू?"
शांतवननं फुली मारली,
पट्टी लावून, सरळ.

तुमसरकडची होती ती. सत्त्याऐंशीचा मे.
वय चौदा लिहिलं होतं, तेही वाढवून.
बाहेर बाकावर तिचा काका
पेपर वाचत बसलेला, उलटून उलटून तेच पान.
पोरीनं मला विचारलं, शाळा कधी सुरू होते?
मी म्हटलं, सव्वीस जूनला.
आणि वॉर्डाचं दार लावून घेतलं.
त्या रात्री डॉक्टरीणबाईंनी काय केलं,
मी हातात काय काय दिलं,
ते मी पाळकांना कधी सांगितलं नाही.
प्रभूला सांगितलं.
त्यानं उत्तर दिलं नाही,
किंवा दिलं आणि मला ओळखू आलं नाही.
तरी आजही कुणी मला विचारलं,
गर्भातला जीव देवाचा ना?
तर मी हो म्हणेन. ठामपणे हो म्हणेन.
चौकोन मात्र अर्ध्या इंचाचा होता.

मत कुणाला दिलं, सांगणार नाही.
शांतवनलाही नाही; तो रुसला आहे,
पण गॅसचा सिलिंडर येऊन चढवून गेला.

त्या रविवारी सगळे गेल्यावर
पुढच्या खुर्च्यांवर दोन झावळ्या राहिल्या होत्या.
तिसरी भाची घेऊन गेली असावी, वारा घ्यायला.
पितरभाऊनं दोन्ही उचलून वेस्ट्रीत ठेवल्या.
फेब्रुवारीत त्या जाळतील,
आणि राखेच्या बुधवारी
त्यातलीच चिमूटभर माझ्या कपाळाला लागेल.
कोणती कुणाची,
तेव्हा ओळखायला येणार नाही.