रव्याचे कण

मंगळवारी शटर वर केलं, टाकीचा दिवा लावला,
तर थोरल्या गुरामीच्या शेपटीवर
रव्याचे चार कण.
वाटलं, संध्याकाळच्या एखाद्या पोरानं काही टाकलं असेल.
मग ती दगडाला अंग घासून गेली,
म्हैस खांबाला घासते तशी,
आणि माझ्या लक्षात आलं.

रामबागेतला आमचा दवाखाना दातांचा.
डॉक्टर खांडवेकर म्हणाले, फेकून द्या हो,
बाजारात चाळीसला जोडी मिळते,
पेशंटसमोर आजारी मासे बरे दिसत नाहीत.
चुकीचं नाही बोलले.
पण गालावर हात धरून बसलेली माणसं
बघतात ती टाकीकडेच.
माझ्याकडे कोण बघतं?

जेवणाच्या सुट्टीत मोठं मीठ आणलं.
साठ लिटरला सहा चमचे,
कपात विरघळवून, तीन दिवसांत थोडं थोडं.
फिल्टरमधला कोळसा काढला, तो औषध पिऊन बसतो.
हीटर हळूहळू तीसवर.
ऊन पाण्यात हवा कमी, म्हणून बुडबुड्यांची दुसरी नळी.
गोगलगाय श्रीखंडाच्या डब्यात, खिडकीशी.
नर्मदेचं पाणी क्लोरिनचा वास घेऊन येतं;
ते बादलीत उघडं ठेवलं, एक दिवस, एक रात्र.
आणि निळं औषध, थेंब मोजून.
बोट रंगलं.
मत देऊन आलात काय ताई, असं तिघांनी विचारलं.

गुरुवारी कण दुप्पट.
मासेवाला सलूजा फोनवर हसला:
वो तो बढ़ेगा ही, दीदी.
अंगावर असतो तेव्हा तो कातडीच्या आत बसलेला,
तिथे तुमचं औषध पोचत नाही.
पोट भरलं की सुटून खाली पडतो,
वाळूत फुटतो, एकाचे शेकडो होतात,
आणि नवं अंग शोधत पोहत निघतात.
मरतो तो तेवढ्यातच.
तुम्ही फक्त तेव्हा हजर असायला पाहिजे.

म्हणून रविवारीही किल्ली घेऊन गेले.
लाइट जाऊ नये एवढंच मागत होते, कुणाकडे ते माहीत नाही.
सर्वांत धाकटा टेट्रा तरंगत होता.
दारातल्या क्रोटनच्या कुंडीत
चमच्यानं खड्डा केला.

सोमवारी सगळे स्वच्छ.
एकाही अंगावर एक कण नाही.
डॉक्टरांनी काचेवर टिचकी मारली, वा!
गोडबोले आजोबा कवळी सांभाळत म्हणाले,
झालं की बरं, आता काढा ते निळं पाणी,
मासा मासा दिसू द्या.
मी वाळूकडे बघत होते.

दुपारी रजिस्टर उघडलं.
रूट कॅनालची पहिली बैठक झाली,
दुखायचं थांबलं,
आणि पुन्हा आलेच नाहीत, अशी अकरा नावं.
एकेकाला फोन लावत गेले.
काय सांगू, आता काहीच दुखून नाही राहिलं,
सौ. टिळवे अगदी खुशीत सांगत होत्या.
हो, म्हटलं, म्हणूनच फोन केला.
बुधवारी चारला या.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
त्यांच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

आणखी दहा दिवस थेंब मोजायचे आहेत.
गोगलगाय डब्याच्या कडेपर्यंत चढून येते,
मी तिला बोटानं खाली ढकलते.
बोट अजून निळंच आहे.