इतर हक्क

शुक्रवारी दुपारी चारला
रास्ता पेठेत, हनोक आष्टमकरांच्या स्वयंपाकघरात
आम्ही एक देश मोजायला बसलो.
कागद : गेल्या वर्षीचं मिळकतकराचं बिल, पाठकोरं.
पेन्सिल माझी.
चौतीस वर्षं भूमी अभिलेखात गेली,
खिशात पेन्सिल नसली की सदरा परका वाटतो.
अट एकच, हनोकची :
दिवे लागले की पेन्सिल बंद, बटणं बंद.
"मी फार पाळत नाही, पण एवढं पाळतो."
म्हणजे देशाला अडीच तास.

इयाद वरच्या खोलीत राहतो. तुळकर्मचा.
शेतकी कॉलेजात झाडांचे रोग शिकतो.
एजंटाने सांगितलं होतं, मालक आष्टमकर, साधा माणूस.
चौकटीवरची मेझुझा दिसली तसा
जिन्यात थोडा थांबला म्हणे,
मग आत येऊन विचारलं,
पाणी किती वाजता येतं?

हनोकची बहीण सिम्हा लोदला असते,
एकोणसत्तर सालापासून.
इयादचा आजा त्याच गावचा; तो लिद्द म्हणायचा.
गट एकच, नावं दोन.
इयादने मोबाइलवर आज्याचा कागद दाखवला,
इंग्रजांच्या काळचा, तीन लिप्यांत.
मला त्यातली एकच येत होती,
पण रकाने सगळे ओळखीचे :
मालक, क्षेत्र, आकार, शेरा.
साहेबाची पट्टी तीच असणार,
इथून तिकडे नेलेली.

मी म्हटलं, आमच्या सातबाऱ्यावर
एक रकाना असतो, इतर हक्क.
मालकाच्या नावाशेजारी तिथे
कूळ असतं, वहिवाट असते,
विहिरीवर कुणाची तरी पाळी,
मेलेल्या बहिणीचा न सोडलेला हिस्सा.
मालकाला तो रकाना आवडत नाही.
पण तो नसेल तर कागद खोटा.

मग लिहायला घेतलं.
दोन विधिमंडळं, वर एक संघराज्य.
शाळा ज्याच्या त्याच्या, भाषा दोन्ही सक्तीच्या.
वाट कुणाची अडवायची नाही.
पाणी सामाईक.
झेंड्याच्या जागी नुसती रेघ ओढून ठेवली.
"बंदूक कुणाकडे?" हनोकने विचारलं.
कुणी बोललं नाही. कुकरची शिट्टी झाली.
"भोंगा वाजला की सिम्हा तळघरात उतरते
आणि मला फोन करते, अजून मराठीत,
भावा, गुडघे चालत नाहीत."
इयाद म्हणाला, "आमच्याकडे भोंगा नाही."
आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन
शेऱ्याच्या रकान्यात
काहीतरी अरबीत लिहिलं.
आम्ही विचारलं नाही.

सासवडजवळ एकदा दोन सख्ख्या भावांची वाटणी मोजली होती मी.
धाकट्याच्या डोक्याला टाके, ताजे.
जमीन फाळली, गोठा फाळला,
चिंचसुद्धा, फांद्या मोजून.
विहीर फाळता येईना.
लिहिलं : आठ आणे ह्याची, आठ आणे त्याची.
एक दिवस ह्याची मोटर, एक दिवस त्याची.
"मग आता गोडीने राहतात?" इयादने विचारलं.
छे. दावा चालू आहे अजून.
पण ऊस दोघांचाही उभा आहे.

हनोक हसला नाही.
"ते भाऊ होते. आणि मोजायला तू गेलास
सरकारी शिक्का घेऊन.
इथे शिक्का कुणाचा?"
खरं होतं.
माझ्या पेन्सिलीला त्या मातीवर
कसलाच हक्क नव्हता,
इतरसुद्धा.

साडेसहा. रिबकावहिनींनी काडी ओढली,
खोबरेलाच्या पेल्यात वात धरली.
पेन्सिल खाली.
दक्षिणेचं वाळवंट मोजायचं राहिलंच.
जेरुसलेम नेमकं बिलाच्या घडीवर आलेलं,
तिथे कागद विरलेला.

तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला.
सिम्हा. तिकडे अजून दुपार,
तिचे दिवे लागायचेत.
हनोक बटणाकडे बघत बसला.
इयादने फोन उचलला,
बटण दाबलं
आणि म्हाताऱ्याच्या कानाशी धरून उभा राहिला,
हात अवघडेपर्यंत.
पलीकडचं मराठी त्याला कळत नव्हतं.
भोंगा कळत होता.

मी बिल हातात घेऊन बसलो होतो,
घडी घालू की नको.