चेन कानाशी धरून

हाचिनोहे बंदरापासून दोन थांबे,
अरुंद जिन्याने वर आमचं दुकान.
खाली बर्फाचे खोके विकतात, म्हणून आमच्याही नोटांना
मासळीचा वास.

तो आला तेव्हा बाहेर चिखलासारखा बर्फ.
नाव नंतर सांगितलं, पावतीपुरतं: सावागुची.
माकूळ धरणाऱ्या बोटीवर इंजिनाला तेल घालतो.

टॉवेलात गुंडाळलेला कन्सोल
त्याने काउंटरवर ठेवला,
आजारी मांजर डॉक्टरपुढे ठेवावं तसा.
डावी काडी झिजून गोटी झालेली,
फटीत मिठाची पांढरी रेघ.
"याला चांगलं कव्हर हवंय. पैशाचं बघू."

मला सगळं पाठ होतं.
दीड मीटरवरून पडलं तरी ओरखडा नाही,
आतला फोम अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बेतलेला,
कार्ड ठेवायला दहा कप्पे,
मी बोलत सुटलो, आणि तो ऐकत राहिला
म्हातारी माणसं हवामानाच्या बातम्या ऐकतात तसा.

मग एकेक कव्हर उचलून
कलिंगड पारखणाऱ्यासारखं कानाशी नेलं
आणि चेन ओढली.
हळू.
पुन्हा, आणखी हळू.
"ते गाणं जरा बंद करता?"

पहिलं: सर्रर्र. बाजूला.
दुसरं, पाणी न शिरणारं, चेनला रबर:
ते तर किंचाळलंच.
तिसरं आमच्या काचेतलं मानाचं, चामड्याचं, चुंबकाचं,
नऊ हजार आठशे येन. झाकण मिटलं: टक्.
त्या एका टकमध्ये केवढी श्रीमंती!
गिऱ्हाइकांना मी ती मुद्दाम दोनदा ऐकवतो.
त्याने मान हलवली.
"खोलीत दार आपटल्यासारखं."

शेवटी मी विचारलं, नक्की हवंय तरी कसं?

"आम्ही सहा जण एका खोलीत. फळ्यांवर झोपतो.
माझी पाळी सुटते रात्री दोनला.
वरच्या फळीवर वाह्यू. इंडोनेशियाचा, एकोणीस वर्षांचा.
अकरा दिवस नुसता ओकत होता पोरगा.
बाराव्या रात्री त्याला झोप लागली,
आणि मी याचं जुनं कव्हर उघडलं.
वेलक्रोचं."

पुढे तो काही बोलला नाही.
वेलक्रोनंतर सांगण्यासारखं उरतही नाही.

"खेळता काय?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.
"शलगम लावतो. पाणी घालतो. काढतो.
चारी बाजूंना पाणी, पण लावायला जागा कुठे आहे?"

मग मी मागच्या खोलीत गेलो,
वरच्या खणातलं ते काढलं,
तीन वर्षं न खपलेलं,
लोकरीच्या जाड नमद्याचं, हाताने शिवलेलं,
ना चेन, ना चुंबक, पदर आत खोचला की झालं.
किंमत मात्र चामड्याच्या बरोबरीची,
आणि चिठ्ठीवर आमच्याच हाताने लिहिलेलं:
पडल्यास संरक्षण साधारण.

त्याने कन्सोल आत सरकवला. पदर खोचला.
काढला. खोचला.
"मिटलं का?" मी विचारलं,
कारण मला खरंच कळलं नव्हतं.

तो हसला. पुढचा एक दात नव्हता.

पडलं तर, असं मी प्रामाणिकपणे म्हटलं.
खारं पाणी, मी म्हटलं, लोकर.
"लोकर धुता येते," तो म्हणाला, नोटा मोजत,
"आणि अंधारात, झोपलेल्या माणसाखाली उभं राहून
वस्तू कशी धरायची,
ते येतं मला."

तो जिना उतरून गेला. पायऱ्या मात्र करकरल्या,
त्याला त्याचा इलाज नव्हता.

संध्याकाळी मी रिकाम्या जागेवरची चिठ्ठी घेतली
आणि पेन्सिलीने खाली एक ओळ वाढवली:
आवाज: नाही.

मालकीणबाई नाएमुरा चष्मा पुसत म्हणाल्या,
"हे कोणतं वैशिष्ट्य काढलंत नवीन?
कोण बघतं हे विकत घेताना?"

खालच्या फळीवरचा माणूस, मी म्हटलं,
आणि गाणं परत लावायला हात नेला,
आणि तसाच ठेवला थोडा वेळ.