ऐंशी नंबर

नागदेवी स्ट्रीटवर, कुतुबभाईंच्या दुकानात
मी कागद विकतो.
लिहायचा नव्हे, लिहिलेलं घालवायचा.

इथे आकडा चढतो तशी धार उतरते.
नवा पोऱ्या दर आठवड्याला चुकतो,
मोठं काम ऐकलं की मोठा नंबर काढतो.
साठ ओरबाडतो,
एकशेवीस समजूत घालतो,
चारशे पाण्यात बुडवून वापरायचा,
आणि हजार मी एकदा गालावर फिरवून पाहिला :
दाढी होती तिथेच राहिली.
मागच्या फळीवर कानशी, कुरुंदाचे दगड, तारेचे ब्रश,
पितळी तार, पोलादी तार,
आणि पत्र्यांच्या डब्यातली बारीक वाळू,
जी वजनावर जाते आणि नेहमी थोडी सांडते.

अण्णा दारूखान्यात होते.
दोरांना टांगलेल्या फळीवर बसून
जहाजाच्या पोटाशी तोंड, हातात ब्रश,
खालून वर, खालून वर,
रेड ऑक्साईडवाला येण्याआधी.
संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर गेरू.
आई ते रुमाल वेगळे उकळायची.
बोलायचे कमी. मला एवढंच सांगितलं,
चकाकी दिसली की हात काढ,
पुढचं घासणं पत्र्याला लागतं.
त्यांचा ब्रश अजून पोटमाळ्यावर आहे,
सगळ्या तारा एका कुशीवर झोपलेल्या.

बंदीच्या महिन्यात, होड्या वर ओढलेल्या असताना
माझगावहून एक बाई आली. चांगुणाबाय.
टोपली नव्हती, पण वास होता.
म्हणाली, होरीवरचा नाव काराचा हाय,
पन लाकराला लागला नाय पायजे.
होडी विकली होती.
घेणाऱ्याला फळी कोरी हवी,
त्याच्या मुलाचं नाव घालणार होता.
मी विचारलं, रंग कसला, किती हात?
पांढरा. दर नारळी पुनवेला एक.
किती वर्षं?
तिने बोटांवर मोजायला घेतलं
आणि दुसऱ्या हातावर जाऊन सोडून दिलं.

ऐंशीचे सहा दिले. सांगितलं,
लाकडाच्या रेघांबरोबर चाल, आडवं जाऊ नको,
कागद ठोकळ्याला गुंडाळ, बोटांनी दाबू नको,
बोटं खड्डे पाडतात.
ती ऐकत होती आणि कागदाची पाठ चाचपत होती,
जशी पापलेटची चाचपतात.

नवव्या दिवशी परत.
एक कागद पांढऱ्याने भरलेला, पाच कोरे.
रंग गेला, म्हणाली. नाव नाय गेला.

मला कळायला वेळ लागला.
आजूबाजूचं लाकूड
इतकी वर्षं तेल पीत, ऊन खात काळं झालेलं.
अक्षरांखालचं मात्र
नव्या होडीच्या वयाचं, गोरं.
रंगाने जेवढं झाकलं तेवढंच लाकडाने राखलं.
फळीवर आता रंगाचा थेंब नाही
आणि लांबून वाचता येतंय : मानकूप्रसाद.
मानकू कोण, मी विचारलं नाही.
तिनेच सांगितलं, सासू. लय वाईट होती.
आणि हसली, पदराने नाही, उघडी हसली.

साठ देऊ? मी म्हटलं. छत्तीस आहे,
छत्तीस फळीच खाऊन टाकेल, नावासकट.
हात खणाकडे गेला होता माझा.
कुतुबभाईंनी हिशेबाच्या वहीतून मान वर केली,
गिऱ्हाईक घ्यायला की सोडायला, कळलं नाही.

तिने काचेतून सगळ्या थप्प्या पाहिल्या.
सगल्यांत मऊ कंचा?
हजार. पण त्याने काही निघत नाही.
काराचा नाय आता, म्हणाली.
दिसतोच हाय, त बरा दिसू दे.
आन घेणाऱ्याला?
त्याला सांगन, पोराचा नाव
मानकू ठेव.

हजारचा एक कागद, सोळा रुपये.
पाच कोरे ऐंशी परत घेत नाही आम्ही,
तसं पाटीवर लिहिलंय; ती पाटी मी वाचून दाखवली.
तिने वीसची नोट दिली
आणि चार रुपये सुटे येईपर्यंत
काउंटरवरून हलली नाही.