मेणाचा गाल

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
मी मऊ केसांचा ब्रश घेते
आणि तुझ्यापाशी सगळ्यात शेवटी येते, झेली.

तुझ्या चौकटीवर नाव नाही.
काळी फळी, कडेनं चुण्या घातलेलं पांढरं कापड,
तळाशी शाईनं: धोबीण, वय सव्वीस. ल्युपस.
नाव मला सापडलं मुदपाकखान्याच्या वहीत:
झेली कुर्तादों, सूप दोनदा, वाइन नाही.

साचे करणारा आधी चर्चसाठी संत घडवायचा.
त्यानं तुझ्या चेहऱ्याला तेल चोळलं,
नाकपुड्यांत दोन नळ्या खोचल्या,
वरून ओतलं गार प्लास्टर.
किती श्वास मोजलेस?
भुवई तुझीच आहे, एकेक केस सुईनं रोवलेला.
लाल रंग मात्र त्यानं वरून फासला नाही,
मेणाच्या थरांखालून आणला,
ताप येतो तसा.

लांडगा.
लॅटिनमधलं हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं
ते छातीठोक कुणी सांगत नाही.
मांस कुरतडतो म्हणून लांडगा.
म्हणे काही वैद्य जखमेवर कच्च्या मांसाचा तुकडा बांधायचे,
हे खा, हिला सोड.
मग कुणीतरी गालांकडे नीट पाहिलं आणि म्हणालं,
हे तर फुलपाखरू,
नाकावर धड, दोन्ही बाजूंना पंख.
नाव हलकं झालं.
तुझ्या गुडघ्यांना कुणी काही विचारलं नाही.

वहीत पुढे आहे: कॉड माशाचं तेल.
आर्सेनिक, थेंबाथेंबानं वाढवत नेलेलं.
तापलेल्या सळईचा खर्च लिहिलेला नाही,
कोळसा रुग्णालयाचाच होता.

तू सांगत होतीस, ऊन लागलं की वाढतं.
सेन नदीवरच्या धोबीनावेत
दिवसभर चादरी पिळणाऱ्या बाईला
ऊन टाळ म्हणाले.
बोटं आखडतात म्हणालीस,
तर समासात लिहिलं: रुग्ण कुरकुर करते.

लांडगा आला रे आला!
गोष्टीतला पोरगा निदान खोटं तरी बोलायचा.

तुला कळायचं राहिलं ते सांगते.
पन्नासेक वर्षांनी, समुद्रापलीकडे,
अस्थिमज्जेच्या नमुन्यात, भिंगाखाली
एक पेशी दिसली,
दुसरीचं केंद्रक गिळून तट्ट फुगलेली.
मग हळूहळू उमगत गेलं,
हा लांडगा रानातून येत नाही.
कुंपणच शेत खातं, झेली.
राखणीला ठेवलेलं रक्त
घरच्यांनाच चोर समजतं.

त्याच सुमारास कॉर्टिसोन आलं.
अंथरुणाला खिळलेल्या बायका उठून चालू लागल्या,
आणि त्यांचे चेहरे चंद्रासारखे वाटोळे सुजले.
चंद्रमुखी म्हणून कुणी लाडानं हाक मारली नाही.
युद्धात मलेरियासाठी सैनिकांना दिलेली गोळी
जाता जाता कुणाकुणाचे चट्टेही घेऊन गेली.
कुठली दलदल, कुठले डास,
आणि औषध लागू पडलं ते गालाला!

त्या गोळीची धाकटी बहीण मी रोज घेते.
कडू आहे. कॉफीबरोबर उतरते.
वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यायचे.
मला नाव मिळायला सात वर्षं लागली.
दोघांनी बाळंतपणावर ढकललं,
तिसरा म्हणाला, मन रमवा, मादाम.
तर इथे रमवते.
खिडक्यांना जाड पडदे आहेत, मेण मऊ पडू नये म्हणून.
आपल्या दोघींच्या सोयीचं.

तुझ्या हनुवटीखाली साचेवाल्याचा अंगठा उमटलाय,
रेषांसकट.
मी ब्रश तिथून वळवून नेते.

पुढच्या सोमवारी रक्त द्यायला जायचंय.
यायला उशीर होईल.