मर्यादित

सकाळी सव्वासातला प्रणालीचा फोन आला.
मी उक्षीच्या पुढे, बोगद्याच्या तोंडाशी,
खांद्यावर पाना आणि हातोडा,
रेंज मिळते ती इथेच, दोन काड्या.
तिकडे पावणेअकरा झालेले.
नागोयाहून गाडी नुकतीच सुटलेली, डोंगराकडे.

"बाबा, लिमिटेड एक्स्प्रेस आहे."
मला आमच्या सोसायटीचा बोर्ड आठवला:
विविध कार्यकारी सहकारी, आणि शेवटी मर्यादित.
पत्र्यावर जागा पुरली नाही म्हणून
पेंटरने शेवटचा त भिंतीवर काढला होता.
मर्यादा कशाची गो?
"थांब्यांची. सगळीकडे नाही थांबत."
म्हणजे उक्षीला थांबली नसती.
"नसती," म्हणाली, आणि हसली.

डब्यातल्या सगळ्या खुर्च्या उलट्या आहेत म्हणे.
गिफूपर्यंत वीस मिनिटं पाठ पुढे करून जायचं,
तिथे गाडी तोंड फिरवते, मग सगळे सरळ.
खुर्ची फिरते, पण कोणी फिरवत नाही.
वीस मिनिटांसाठी कोण उठतंय.
मला ते पटलं.
तीन वर्षांपूर्वी रत्नागिरी स्टेशनात
गाडी मुंबईकडे निघाली आणि ही दारात
तोंड आमच्याकडे करून उभी.
सिग्नलच्या वळणापर्यंत उलटीच गेली.

एका दिवसाची सुट्टी.
जिला ती भरवायची, न्हाऊ घालायची,
ती ओकुमुरा बाई आषाढात गेली.
बाईच्या माहेरी एक झाड आहे,
आपल्या टेंबुर्णीच्या गोतातलं,
फळाला तिकडे काकी म्हणतात.
"घर नाहीये आता. काकी आहे.
बघून येते."
इतकंच. त्यासाठी एवढं तिकीट.
मी किंमत विचारली नाही.

मग डोंगर आले. तिने फोन काचेला लावला.
नदी हिरवीगार, वर कुठेतरी पांढरं,
"बर्फ दिसतोय का, बाबा?"
मी खडी बघत होतो.
कटिंगला जाळी मारलीय का ते बघत होतो.
मारलेली. घट्ट, पोटं न सुटलेली.
बोगदा. तिचं तोंड अर्ध्या शब्दावर गोठलं.
पुन्हा नदी. पुन्हा बोगदा.
तिथलाही डोंगर सलग बोलू देत नाही.

आणि दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात,
पापणी लवायच्या आत गेला तो,
एक माणूस. नारिंगी जाकीट.
रुळापासून बाजूला, कड्याला पाठ टेकून,
एक हात वर, ड्रायव्हरला दाखवायला
की मी बघितलं, तू ये.
दुसऱ्या हातातला दांडा मला लांबूनही ओळखू आला.

प्रणालीला दिसला नाही तो.
आतून आम्ही दिसत नाही.
बावीस वर्षं मी असा उभा आहे,
आणि माझ्यासमोरून गेलीत
वडा खाणारी तोंडं, झोपलेली तोंडं,
काचेवर नाक चपटं करणारी पोरं,
कधी एखादी नवरी, मुंडावळ्यांसकट.
कोणाचं काही चुकलं नाही. वेग असतो.

मी हात वर केला.
"कोणाला टाटा करताय?"
कोणाला नाय गो.
"मी दिसत्ये ना?"
दिसतेस, म्हणालो,
तेवढ्यात त्यांचा बोगदा आला की आमची रेंज गेली,
कळलं नाही.

करबुड्याच्या पोटातून आधी वारा येतो,
मग रूळ बोलतात, मग गाडी.
मी बाजूला झालो. कातळ गार होता, शर्टातून लागला.
उक्षीला न थांबणारी एक गेली,
डबे मोजायची सवय आहे, आज मोजले नाहीत.
एका खिडकीत कोणाचा तरी फोन
काचेला लावलेला दिसला.

धूळ खाली बसली.
वरच्या जाळीत परवापासून एक दगड अडकलाय,
नारळाएवढा.
त्याचा किलोमीटर लिहून द्यायचा आहे.